नऊ पेनींचे जेवण

ऑगस्ट २०२०मध्ये ब्रिटिश सरकारने सोमवार ते बुधवार उपाहारगृहांत जेवणाऱ्यांचे निम्मे बिल भरले. माणशी कमाल १० पौंड, दारू वगळून. टाळेबंदीने खचलेला धंदा आणि रोजगार वाचावेत, हा हेतू. खर्च सुमारे ८४.९ कोटी पौंड. पण उरलेले निम्मे बिल ज्याला परवडेल त्यालाच ही सवलत! (साथीत गर्दीला बोलावणे, हा आणखी वेगळा मुद्दा.)

याच देशात दुसऱ्या महायुद्धात नगरपालिकांनी ना-नफा भोजनगृहे चालवली. 'सामुदायिक भोजन केंद्र' हे नाव चर्चिल यांना रुचेना; त्यांनी ते 'ब्रिटिश रेस्टॉरंट' केले. तिथे जेवण सुमारे ९ पेनींत मिळे. बॉम्बहल्ल्यात चूल गमावलेल्यालाही ते परवडे. सरकारी पैसा घालायचाच, तर मला ही रीत उजवी वाटते. १९४३मध्ये अशी दोन हजारांवर भोजनगृहे होती.