निनादाची पेटी

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने मित्राकडून उसनी आणलेली एक लहानशी धातूची पेटी माझ्यासमोर ठेवली. विद्युत-गिटार वाजवणारी मंडळी तिला पेडल म्हणतात, कारण ती पायाशी ठेवून पायाने दाबायची असते. आणि हे पेडल एकाच कामाचे, म्हणजे रिव्हर्बचे होते. त्याच्याजवळच्या यंत्रात दहा गोष्टींबरोबर रिव्हर्बचीही सोय असताना आणखी हजारो रुपये मोडून त्याच कामाची वेगळी पेटी घ्यावी की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. परंतु त्याआधी पेटीवरच्या एका नॉबभोवती छापलेल्या चार शब्दांपाशी तो अडला होता. "मामा, रूम आणि हॉल कळतं; पण ही प्लेट कसली, आणि स्प्रिंगचा आवाजाशी काय संबंध?" मी उत्तर देऊ लागलो तेव्हा ध्यानात आले, की निवडीचा खरा प्रश्न त्या चार शब्दांतच आहे, आणि ती नावे कोठून आली हे सांगितल्याखेरीज तो सुटायचा नाही.

रिव्हर्ब ही गोष्ट आपल्या भाषेला अपरिचित नाही. गाभाऱ्यात घंटा वाजली की तिचा नाद ओसरायला जो अवकाश लागतो, विहिरीच्या काठावरून मारलेली हाक जशी जाड होऊन वर येते, त्याला आपण घुमणे म्हणतो. आणि घुमट हा शब्द मूळ फारसी गुंबदावरून आलेला असला तरी मराठी कानाने त्याला या क्रियापदाचाच सोयरा मानले आहे. मात्र घुमण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. विजापुरास १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या महंमद आदिलशहाच्या गोलघुमटातील सज्जात टाळी वाजवली असता ती पुन:पुन्हा, वेगवेगळी मोजता येईल अशी परत येते; तो प्रतिध्वनी. याउलट भिंती जवळ असल्या, आणि परतणारे ध्वनी एकामागून एक इतक्या दाटीने आले की कान त्यांना निराळे करू शकत नाही, तर मूळ स्वराला एक लांब, हळूहळू विरणारी शेपूट फुटते, तो निनाद. रिव्हर्ब म्हणजे हा दुसरा प्रकार. गोलघुमटात बसून गिटार वाजवणे अशक्यप्राय ठरेल. साध्या दिवाणखान्यात मात्र ते गोड लागते, याचे कारण हेच.

या निनादाचे मोजमाप प्रथम करणारा गृहस्थ संगीतकार नव्हता. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १८९५ साली फॉग संग्रहालयात बांधलेल्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्दच कळेना, तेव्हा वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे ते प्रकरण सोपवण्यात आले. जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायची, शेवटचा नाद विरेपर्यंतचा काळ घड्याळावर मोजायचा, आणखी गाद्या अंथरून पुन्हा मोजायचा, आणि उजाडण्यापूर्वी सगळ्या गाद्या जागच्या जागी पोचवायच्या, असा त्याचा क्रम असे. रिकाम्या दालनात नाद साडेपाच सेकंद टिकत होता. दालनाचे आकारमान आणि त्यातील वस्तूंची ध्वनी शोषण्याची शक्ती यांवरून निनादाचा काळ आधीच वर्तवता येतो, हा नियम त्या गाद्यांनी दिला. आणि १९०० साली उभे राहिलेले बोस्टनचे सिंफनी हॉल त्या नियमाच्या आधारे बांधले गेले. नॉबवरच्या "हॉल" या शब्दामागे अशा दालनांची प्रतिष्ठा आहे.

विद्युत-गिटारीला मात्र दालनच नाही, आणि तिच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे. तिच्या तारांखालचे चुंबक तारेचे कंपन तेवढे टिपतात. हवा, भिंत, छत यांतले काहीही त्यांच्या कानी पडत नाही. तंबोऱ्याला भोपळा आहे, सतारीला मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तरफांच्या तारा आहेत. भरीव लाकडाच्या या वाद्याला तसला कोणताच सोबती नाही. म्हणून ज्यांनी त्याला आवाज दिला, त्यांना त्याच्यासाठी खोलीही शोधावी लागली. प्रथम खरोखरीच्या खोल्या शोधल्या गेल्या. शिकागोच्या बिल पुटनॅम यांनी १९४७ मध्ये हार्मोनिकॅट्स या त्रयीच्या ध्वनिमुद्रणासाठी इमारतीतले स्नानगृह वापरले: फरशीच्या भिंतींमध्ये एक ध्वनिवर्धक व एक मायक्रोफोन ठेवून, तेथे घुमलेला आवाज मूळ आवाजात हव्या त्या प्रमाणात मिसळला. पुढे हॉलिवूडमध्ये कॅपिटॉल कंपनीने १९५६ साली गोल मनोरा बांधला, तेव्हा भुयारात खास घुमवण्यासाठी काँक्रीटच्या कोठड्या करून घेतल्या.

परंतु या सगळ्यांत माझे मन रेंगाळते ते ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरी. तेथील स्टुडिओपाशी भुयारे बांधण्याइतका पैसा नव्हता. निर्माते ली हेझलवूड यांनी जुन्या टाक्यांच्या वखारीत जाऊन एकेका टाकीत तोंड घालून ओरडून पाहिले, आणि जिने चांगले उत्तर दिले ती सुमारे दोन हजार गॅलनांची पाण्याची टाकी आणवली. ती आत मावेना म्हणून बाहेर उघड्यावरच ठेवली. एका टोकाला ध्वनिवर्धक, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन. ड्युएन एडी नावाचा विशीतला गिटारवादक जाड, खालच्या तारांवर वाजवू लागला की त्याचा स्वर तारेतून बाहेर जाई, त्या लोखंडी पोटात फिरून येई आणि मग मुद्रित होई. टाकीवर पाखरे येऊन बसली तर त्यांची चिवचिवही त्या घुमाऱ्यासकट आत उतरे. म्हणून आधी कोणीतरी बाहेर जाऊन त्यांना हुसकावून यावे लागे. १९५८ साली देशभर गाजलेल्या "रेबल राउझर" या वादनातला तो रुंद, वाळवंटासारखा पसरलेला स्वर त्या टाकीचा आहे. वादक आणि वाद्य यांच्याइतकाच एखाद्या टाकीचाही एखाद्या कृतीवर हक्क असू शकतो, असे मला हे वादन ऐकताना दरवेळी वाटते.

टाकी काय, भुयार काय, जागेवरून हलत नाहीत. जर्मनीतील ईएमटी या कंपनीने १९५७ मध्ये काढलेल्या यंत्रात खोलीऐवजी पोलादाचा एक पत्रा होता: सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, आणि जाडी अर्धा मिलिमीटर. चौकटीत ताणून टांगलेल्या त्या पत्र्याला एका ठिकाणी कंप द्यायचा, तो काठांवर आपटत सर्वत्र पसरला की दुसरीकडे टिपायचा, आणि नाद किती वेळ टिकावा हे पत्र्याजवळ एक शोषक फळी पुढेमागे सरकवून ठरवायचे. भाच्याने विचारलेली "प्लेट" ती ही. तिचा निनाद दाट, तेजस्वी आणि मुलायम असतो, आणि कोणत्याही खऱ्या खोलीसारखा नसतो. गवयांच्या गळ्याला तो फार शोभला. पण चौकटीसह या यंत्राचे वजन पावणेतीनशे किलोंच्या घरात जाई. नाचघरात गिटार घेऊन जाणाऱ्याच्या ते काय कामाचे?

त्याच्या कामाची वस्तू एका वेगळ्याच गरजेतून आली. शिकागोचे लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ मध्ये विजेवर चालणारा ऑर्गन विक्रीस आणला. चर्चच्या उंच कमानींखाली ऑर्गन ऐकण्याची सवय असलेल्या लोकांनी तो घरी नेला, आणि गालिचे, पडदे, गाद्यागिर्द्या यांनी भरलेल्या दिवाणखान्यात तोच स्वर त्यांना कोरडा लागू लागला. हॅमंड यांना उपाय सापडला तो टेलिफोनच्या धंद्यात. लांबच्या तारेवरून बोलताना होणाऱ्या विलंबाचा अभ्यास करण्यासाठी बेल प्रयोगशाळेने स्प्रिंगांची एक युक्ती बनवली होती. तिचा परवाना घेऊन त्यांनी ती आपल्या ऑर्गनाच्या ध्वनिवर्धकात बसवली. आरंभीचे ते यंत्र उंच होते, आणि त्यातील काही स्प्रिंगा तेलात बुडवलेल्या असत. वीस वर्षे सुधारत सुधारत १९६० च्या सुमारास त्याची एक हातभर लांबीची, पत्र्याच्या चपट्या तबकात मावणारी आवृत्ती तयार झाली. विस्कॉन्सिन संस्थानातील मिल्टन येथे सुंदर मुलींनी ती बनवली असल्याचा मजकूर पुढे अशा काही तबकांवर छापला जाई. केसासारखी बारीक तार गुंडाळणाऱ्या, नखाएवढे चुंबक स्प्रिंगेच्या टोकाला जोडणाऱ्या त्या हातांनी एका पिढीच्या संगीताला आकार दिला. आणि त्यांपैकी एकीचेही नाव त्या मजकुरात नाही, हे मला बोचते.

हेच तबक कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांनी १९६१ मध्ये गिटारीसाठी एका स्वतंत्र पेटीत घातले. इतिहासाचा हा तपशील भाच्याच्या प्रश्नाशी थेट भिडतो, कारण गिटारीसाठी फेंडर यांनी काढलेला पहिला रिव्हर्ब असा वेगळ्या पेटीतच होता. तिला तीन नॉब: स्प्रिंगेला किती जोराने हलवायचे ते सांगणारा ड्वेल, मूळ स्वरात निनाद किती मिसळायचा ते ठरवणारा मिक्सर, आणि टोन. गिटार आधी या पेटीत, आणि पेटी मग अॅम्प्लिफायरमध्ये, अशी जोडणी असे. पॅसिफिकच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या तरुणांचे संगीत तेव्हा तेथे आकार घेत होते. त्याचे अग्रणी डिक डेल यांना ही युक्ती मुळात स्वतःच्या गळ्यासाठी हवी होती. पण गिटारीवर ती चढली आणि लाटेचा फेस तारेत उतरला. १९६३ पासून फेंडर यांनी स्प्रिंगेचे तबक अॅम्प्लिफायरच्याच तळाशी बसवून वेगळ्या पेटीची गरज बहुतेकांपुरती संपवली. तरीही जाणकार वादक जुनी पेटी सोडेनात. अॅम्प्लिफायरच्या पोटातल्या निनादाला सहसा प्रमाण ठरवणारा एकच नॉब असे. वेगळ्या पेटीत स्प्रिंगेला ताकदीने हलवण्याची मुभा होती, आणि तिचा ओला स्वर पुढे अॅम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हांतून जाताना आणखी शिजत असे.

पुढची हकीकत गणिताची आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. बेल प्रयोगशाळेतील मान्फ्रेड श्रोडर यांनी १९६० नंतरच्या एकदोन वर्षांत दाखवून दिले, की ध्वनी स्मृतीत साठवून, फिरवून फिरवून परत सोडला आणि दर सेकंदाला सुमारे हजार परावर्तने होतील अशी रचना केली, तर कानाला खोलीचा भास होतो. १९७६ साली जर्मन ईएमटी २५० हे त्या कल्पनेवरचे यंत्र बाजारात आले, ते खोली तापवण्याच्या शेगडीएवढे होते. १९८७ मध्ये जपानच्या बॉस कंपनीने तळहातावर मावणाऱ्या पेडलात डिजिटल रिव्हर्ब घातला. वेगळी पेटी, मग पोटातली, आणि पुन्हा वेगळी, असे हे वर्तुळ सव्वीस वर्षांत फिरले.

भाच्याला मी जे सांगितले ते एवढेच. अनेक-कामी यंत्रात निनाद असतो खरा, पण त्याचे नॉब पडद्यावरच्या याद्यांत कोठेतरी आत असतात. वेगळ्या पेडलाचे तीन नॉब वाकल्याबरोबर हाती येतात, आणि निनादाचे प्रमाण ज्या त्या जागेत, ज्या त्या रात्री बदलावेच लागते. स्वर फाडणारी पेडले आधी आणि हे त्यांच्या नंतर जोडावे. उलट केले तर निनादाची शेपूटही फाटते आणि सगळा गाळ होतो. उरला चार शब्दांचा प्रश्न. तो ऐकून सोडवण्यासाठी आम्ही दोघे माझ्या एका स्नेह्याकडे गेलो, ज्याच्याजवळ साठच्या दशकातल्या घडणीचा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आहे.

स्नेह्याने वीज काढली, थोडा वेळ जाऊ दिला, मागची फळी उघडली आणि तळाशी रेक्झिनच्या पिशवीत गुंडाळलेले तबक बाहेर काढले. आत चार बारीक आधारांवर झोके घेणारी एक चौकट, आणि तिच्यात शेजारी शेजारी दोन स्प्रिंगा. सारख्याच दिसत होत्या, पण सारख्या नव्हत्या: एकीतून कंप सुमारे ३३ सहस्रांश सेकंदांत पलीकडे पोचतो, दुसरीतून ४१, दोघींचे पाऊल जुळू नये म्हणूनच ही तजवीज. शिवाय स्प्रिंगेतून सगळे स्वर एका वेगाने जात नाहीत. म्हणून तारेवर कोरडा ठोका दिला की निनादात पाण्याचा थेंब पडावा तसा "टिव" असा आवाज उमटतो. हॅमंड यांना चर्च हवे होते, आणि चर्चच्या दृष्टीने हा दोषच होता; पण पुढच्या वादकांनी नेमक्या त्याच थेंबासाठी ही वस्तू जपली, आणि आजच्या पेडलांतले गणित तोच दोष हुबेहूब उतरवण्यासाठी खपते.

तबक परत जागेवर बसवून वीज लावल्यावर भाच्याने अॅम्प्लिफायरच्या कडेला चुकून गुडघा मारला, आणि खोलीत ढग गडगडावा तसा आवाज झाला. तो दचकला, मग मुद्दाम पुन्हा एकदा हळूच मारून पाहिले. उसन्या पेडलाला लाथ मारली तर त्यातून काही येत नाही, हेही त्याने लगेच तपासले. मग गिटार जोडली, पेडलाचा नॉब स्प्रिंगवर ठेवला, एकदा पेडलातून आणि एकदा अॅम्प्लिफायरच्या तबकातून, तोच एक ठोका तो आलटून पालटून वाजवत राहिला. बाहेर पाऊस लागला होता, आणि निघायची वेळ कधीच टळून गेली होती.