ओसरीवरचं घंगाळ कुणाचं?



दिवाळीची आवराआवर जवळ आली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. नवा फ्लॅट घेतलेल्या सुना-लेकी विचारतात, "काकी, जुनं पितळ कुठे मिळेल? हॉलमध्ये ठेवायचंय." कुणाला घंगाळात पाणी भरून फुलं तरंगवायची असतात (फुलं तोडायची की नाही ते ज्याच्या त्याच्या पच्चक्खाणावर सोडते), कुणाला बंबात दिवा बसवायचा असतो. आजेसासऱ्यांच्या चोपड्याचं एखादं पान काचेच्या चौकटीत घालून सोफ्याच्या वर लावायची तर आता पद्धतच पडली आहे. मला हे आवडतं. सगळ्यांच्या घरात तोच सोफा आणि तोच पडदा, त्यापेक्षा एखादी वस्तू अशी असावी की ती दुसऱ्या कुणाकडे नसेल. फक्त ती आपल्या घरात कुठून आली, हे विचारायचं राहून जातं. आज त्याबद्दल लिहायचं आहे, आणि त्यासाठी नगर जिल्ह्याच्या इतिहासात थोडं मागे जावं लागेल.

आपल्यापैकी बऱ्याच जणींची घराणी मूळची मारवाडातली. 1818 मध्ये पेशवाई संपून इंग्रजी अंमल आला, त्यानंतर इकडे येणाऱ्यांची संख्या वाढली. आधी एकटा पुरुष यायचा, गावात दुकान टाकायचा, जम बसला की बायको-मुलांना आणायचा. कुणी कापड विकलं, कुणी धान्य, कुणी किराणा, आणि बऱ्याच जणांनी त्याच गादीवर बसून उसनवारीही केली. सगळे सावकार नव्हते, पण दुकान आणि सावकारी यांच्यात भिंतही नव्हती. घरंही तशीच बांधलेली. पुढे दुकान, मागे चौक, माजघर, वर कडीपाट, भिंतीत कोनाडे आणि फडताळं, जाड दाराला आतून अडसर. त्या दारांकडे आज आपण 'काय सुंदर सागवान' म्हणून पाहतो. ती जाडी सौंदर्यासाठी नव्हती.

1875 साल आपल्या घरांमध्ये फारसं सांगितलं जात नाही. माझ्या सासरी ते नुसतं 'दंग्याचं साल' म्हणून मी ऐकलं. शाळेच्या पुस्तकात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यातच सरकारने जमिनीचा सारा वाढवला, आणि सावकारांनी नवं कर्ज देणं थांबवलं. त्याच्या जोडीला 1859 चा मुदतीचा कायदा होता. खत तीन वर्षांनी बाद होऊ नये म्हणून सावकार नवं खत लिहून घ्यायचा, आणि राहिलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून धरायचा. अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नव्हता. कायदा खरं तर शेतकऱ्याच्या सोयीसाठी आला होता, पण त्याने आगीत तेलच ओतलं.

12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात पहिला दंगा झाला. तिथून तो आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत आला. लोकांना हवे होते ते कागद. खतं आणि वह्या काढून घ्यायच्या आणि त्यांची होळी करायची. सावकारांना जिवे मारण्याचा हेतू जवळजवळ कुठेच दिसत नाही. ज्याने मुकाट्याने कागद दिले त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. दोन्ही जिल्ह्यांत मिळून 951 जणांना पकडलं आणि 501 जणांना शिक्षा झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला नगर, या चार जिल्ह्यांसाठी. त्या दोहोंच्या मधल्या वर्षांत, 1876 पासून, मोठा दुष्काळ पडून गेला होता.

आता त्या चौकटीतल्या चोपड्याच्या पानाकडे पाहा. मोडी किंवा महाजनी अक्षर, कडेला हळदीकुंकवाचा डाग, वर 'श्री'. दिसायला देखणं असतंच. पण त्यावर कुणाच्या तरी शेताचा हिशेब आहे. ते लावू नका असं मी म्हणत नाही. लावण्याआधी मोडी जाणणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या, इतकंच. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून जुने कागद सांभाळतं आहे आणि आपल्या नगरातही ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. पूर्ण वही असेल तर पान फाडून चौकटीत घालण्यापेक्षा वही अखंड तिथे दाखवा. फाडलेलं पान शोभेचं राहतं, अखंड वहीतून अख्खं गाव कळतं.

कागदावर जमिनी चढल्या, आणि बायकांच्या हातून गेली ती भांडी. ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात चार ओळींत उरकतात, पण आपल्याला ती जास्त कळेल. 1876–77, 1896–97, 1899–1900 असे दुष्काळ एकामागून एक आले. घरातली चांदी आधी मोडली जायची, मग तांबं-पितळ. सावकाराच्या घरी हंडा, परात, घंगाळ गहाण पडायचं. पीक आलं तर सुटायचं. नाही आलं तर तिथेच राहायचं, आणि दोन पिढ्यांनी ते त्या घरचं 'वडिलोपार्जित' व्हायचं.

नगर शहरात तांब्या-पितळेच्या भांड्यांचा धंदा जुना. इंग्रजी काळातल्या गॅझेटिअरमध्ये लुगड्यांच्या बरोबरीने या भांड्यांचीही शहराचा मुख्य माल म्हणून नोंद आहे. त्यामुळे आपल्या फडताळात पितळ असणं नवल नाही. नवल आहे त्यावरच्या नावांचं. जुन्या भांड्याचा काठ चिंचेने घासून उन्हात तिरका धरा. छिन्नीने ठिपका ठिपका करून कोरलेलं नाव दिसेल. बहुधा पुरुषाचं. लग्नात आलेलं असेल तर 'कडून सप्रेम भेट'. आमच्या ओसरीवरच्या घंगाळावर जे नाव आहे ते आमचं नाही, आमच्या समाजातलंही नाही. आडनाव पारनेरकडचं वाटतं, ते मी इथे लिहीत नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी आले तेव्हापासून आहे." त्यांच्या सासूबाईही हेच म्हणाल्या असतील. कुणी विकत घेतलं असेल, मोडीच्या दुकानातून आणलं असेल, बदल्यात आलं असेल. सगळंच गहाणातलं असतं असं नाही. पण ते नाव घासून काढायला आलेल्या कल्हईवाल्याला मी नको म्हटलं. आहे तसं दिसू दे. पाहुणे विचारतात आणि मी सांगते.

हे वाचून काही जणींना राग येईल, आपल्याच माणसांबद्दल असं कशाला लिहायचं म्हणून. पण प्रतिक्रमणात आपण काय म्हणतो ते आठवा. तिसऱ्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच 'तेनाहडे', चोरीची वस्तू घेणं. चौथा खोटं माप, खोटं वजन. पाचवा 'तप्पडिरूवग ववहारे', अस्सल म्हणून नक्कल देणं. व्यापाऱ्यांच्या समाजासाठी व्यापाऱ्यांच्याच शब्दांत ही यादी केलेली आहे. आजचा अँटिकचा बाजार तिला लावून पाहा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात 'दीडशे वर्षांचं' म्हणून मिळणारं बरंचसं पितळ आम्ल लावून काळं केलेलं असतं. ते पाचव्यात गेलं. आणि खरोखर जुनं असेल तर पहिला अतिचार समोर उभा राहतो.

विशेषतः प्रतिमांच्या बाबतीत. पद्मासनातली छोटी पंचधातूची मूर्ती शोकेसमध्ये ठेवलेली मी एका घरी पाहिली, शेजारी परफ्यूमच्या बाटल्या. आपण स्थानकवासी मूर्ती पूजत नाही, पण म्हणून ती शोभेची होत नाही. मंदिरातून मूर्ती चोरीला जातात आणि अशाच वाटेने घराघरांत पोहोचतात. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती हा पुरावशेष, हस्तलिखिताला पंच्याहत्तर वर्षं पुरतात. जुनी मूर्ती घरात असेल तर तिची नोंदणी करावी लागते, आणि परदेशातल्या मुलाकडे परस्पर पाठवता येत नाही. हस्तिदंताची डबी, हरणाची शिंगं यांना त्याच वर्षीचा वन्यजीव कायदा आहे. पण कायदा नसता तरी आपल्या घराच्या भिंतीवर शिंगं कशाला हवीत? पोथ्यांचं तर सांगायलाच नको. ज्ञानपंचमीला ज्यांना वंदन करतो त्यांचं पान तोडून लॅम्पशेड केलेलं मी पाहिलं आहे. त्यावर जास्त लिहवत नाही.

मग जुनं ठेवायचंच नाही का? ठेवायचं. नाही ठेवलं तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. स्टील आलं तेव्हा आपल्या सासवांनी पितळ किलोवर मोडीत घातलं. त्यांना दोष देऊ नका. कल्हईचा खर्च नाही, घासायचा त्रास नाही, ताक कळकत नाही. 1972 च्या दुष्काळात तर हौसेचा प्रश्नच नव्हता. पण त्या काही वर्षांत किती तपेल्या, किती लामणदिवे वितळले असतील.

त्याच्या कितीतरी आधीपासून एक माणूस उलट दिशेने चालला होता. पुण्याचे दिनकर केळकर, जन्म 1896. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. वाडे मोडायला लागले होते, भांडी मोडीत जात होती. त्यांनी तलवारी-दागिन्यांच्या मागे न लागता अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, फण्या, टाचा घासायच्या वज्री, दौती गोळा केल्या. रोज बायकांच्या हातात असलेल्या वस्तू. पत्नी कमलाबाई बरोबर होत्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी त्याला 'राजा' केळकर संग्रहालय म्हटलं, आणि वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. 1990 मध्ये ते गेले. मला त्यांच्या जमवण्यापेक्षा देण्याचं अप्रूप जास्त वाटतं. आपल्या परिग्रह-परिमाणात नऊ प्रकार आहेत आणि त्यातला एक 'कुप्य', म्हणजे घरातलं भांडंकुंडं. उपासकदशांगातल्या आनंद श्रावकाच्या बारा कोटींपैकी चार कोटी घरच्या सामानात होते, तरी त्यांनी मर्यादा घातलीच. पितळेच्या समया आठ झाल्या की नववी घेताना मी हे स्वतःला ऐकवते.

एक घरगुती गोष्ट. कोरीव लाकूड आणि जाळीचं पितळ जयणेने सांभाळणं सोपं नाही. खाचांत कोळी, झुरळं, लाकडात किडा. फवारा मारायची वेळ येण्याआधीच मऊ पूंजणीने रोज झाडायचं, ओल येऊ द्यायची नाही, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायचं. इतकं होणार नसेल तर साधा, सपाट पाट किंवा बाजोट बरा.

या दिवाळीत भांडी काढाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा. एकेक भांडं तिच्या हातात द्या आणि ती सांगेल ते वहीत लिहा. आमच्याकडे जेठाणींनी परात हातात घेतली आणि म्हणाल्या, ही जामखेडहून आली, माझ्या आईच्या आईची, तिला सोनं नव्हतं म्हणून तिच्या बापाने ही दिली. तोपर्यंत त्या परातीत आम्ही कुंड्या ठेवत होतो.