पैठणीचा ब्लाउज घरी शिवायचाय? कात्री लावण्याआधी हे वाचा

नाशिक जिल्ह्यातले येवला हे पैठणीचे गाव. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. लग्नात घेतलेली पैठणी नीट जपली तर आईकडून मुलीकडे जाते. ब्लाउजचे मात्र तसे नसते. काही वर्षांत तो दाटतो आणि नेमका त्याच रंगाचा, त्याच काठाचा तुकडा पुन्हा मिळत नाही.

म्हणूनच पैठणीचा ब्लाउज शिवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली कात्री बरोबर चालली पाहिजे आणि पुढे ब्लाउज मोठा करता आला पाहिजे. घरच्या शिलाई मशीनवर हे दोन्ही जमते.

आधी मांजरपाटात सराव

सुती कापडातली चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालता येते. रेशमात सुईची भोके तशीच दिसत राहतात. त्यामुळे मापाची परीक्षा रेशमावर घेऊ नये.

जुन्या, नीट बसणाऱ्या ब्लाउजवरून किंवा अंगाच्या मापावरून आधी पेपर कटिंग करा. त्यावरून स्वस्त सुती कापडात किंवा मांजरपाटात सराव ब्लाउज शिवा. नाशिक जिल्ह्यातलेच मालेगाव यंत्रमागाच्या कापडासाठी ओळखले जाते, त्यामुळे असे साधे कापड या भागात सहज मिळते. टाके लांब ठेवा, म्हणजे उसवायला सोपे जाते.

सराव ब्लाउज घालून नुसते आरशासमोर उभे राहू नका. दोन्ही हात वर करा, हाताची घडी घाला, खाली वाका. मग हे तपासा:

- हात वर केल्यावर अख्खा ब्लाउज वर सरकतो का? मुंढा घट्ट आहे असे वाटून बहुतेक जण तो आणखी खोल कापतात. पण मुंढा आधीच जास्त खोल असला तरी असेच होते. खोल मुंढ्यामुळे बाही आणि बाजूची शिवण एकत्र ओढली जातात. पेपर कटिंगमध्ये मुंढा अर्धा इंच वर घेऊन पाहा.
- मुंढ्याच्या पुढच्या बाजूला आडव्या चुण्या पडतात का? तिथला गोलाकार पाव इंच आत घ्या.
- पुढचा गळा उघडा राहतो का? तो खांद्याच्या शिवणीत किती चिमटावा लागतो ते पाहा आणि तेवढे कागदावर कमी करा.

प्रत्येक दुरुस्ती कागदावर उतरली पाहिजे. पुढचे सगळे काम त्या कागदावरूनच होणार आहे.

काठाचा हिशेब

साडीसोबतचा ब्लाउजपीस साधारण ८० सेंटीमीटर ते १ मीटर असतो. काठ बाहीवर हवा असेल तर बाहीची खालची कड काठाच्या कडेला लावून कापावी लागते. म्हणून कापडावर सर्वांत आधी बाह्यांचे कागद ठेवा, मग पाठीचा आणि शेवटी पुढच्या भागांचे.

काठावर मुनिया किंवा मोर असतील तर त्यांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत ते पाहा. दोन्ही बाह्या एकाच काठावर शेजारी शेजारी कापल्या तर एका बाहीवरचे पक्षी पुढे आणि दुसरीवरचे मागे पाहू शकतात. अशा वेळी एक बाही एका काठावर आणि दुसरी समोरच्या काठावर ठेवून पाहा. सगळे कागद कापडात बसले, याची खात्री झाल्यावरच कात्री हातात घ्या.

अस्तर आणि सुई

हातमागावरच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. यंत्रावर विणलेल्या कापडाच्या मागे अनेकदा सुटे धागे असतात आणि ते अडकून ओढले जातात. दोन्हींना सुती अस्तर लावावे. अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि रेशमाला सुरकुत्या पडतात.

रेशीम आणि अस्तर एकमेकांवर ठेवून कडेने धावदोरा घाला आणि पुढे दोन्ही एकच कापड समजून शिवा. टाचण्या शिवणीच्या बाहेरच्या भागातच टोचा. सुई ९ किंवा ११ नंबरची, नवी घ्या. इंचाला १० ते १२ टाके पुरेत. खुणा उलट बाजूने साध्या खडूने करा. मेणाचा खडू इस्त्रीखाली वितळून डाग पाडू शकतो. इस्त्री कमी तापलेली असावी, मध्ये मलमलचे कापड ठेवावे आणि पाणी शिंपडू नये.

माया कुठे ठेवायची?

शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला शिवणकामात माया म्हणतात. पैठणीच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंना किमान दीड इंच माया ठेवा. अस्तरालाही तेवढीच हवी, कारण अस्तर अपुरे पडले तर रेशमातली माया उपयोगी पडत नाही.

शिवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी खांदे जोडा, मग उघडी बाही मुंढ्याला जोडा. त्यानंतर बाहीच्या टोकापासून काखेतून कमरेपर्यंत एकच सलग शिवण घाला. तिच्या बाहेर अर्ध्या इंचावर दुसरी शिवण घाला. पुढे ब्लाउज दाटला तर आतली शिवण उसवायची, बाहेरची आधीच तयार असते. जुन्या टाक्यांच्या खुणा काखेत आणि बाजूला राहतात, त्यामुळे पटकन दिसत नाहीत. बाही आधी गोल शिवून मग मुंढ्यात बसवली, तर दाटलेला ब्लाउज मोठा करताना बाही आणि मुंढा दोन्ही उसवावे लागतात.

रेशमाचे आणि जरीचे धागे लवकर सुटतात, म्हणून माया कापून कमी करू नका. तिच्या कडेला ओव्हरलॉक किंवा झिगझॅग शिलाई घाला. हूकपट्टीच्या आत अस्तराचा दुहेरी थर द्या, म्हणजे ताण रेशमावर येत नाही.

काम झाल्यावर उरलेले तुकडे आणि पेपर कटिंग साडीसोबत जपून ठेवा. कागदावर तारीख आणि छाती-कमरेचे माप लिहा. पुढच्या वेळी ब्लाउज कुणी घालो, किती उसवायचे ते टेप लावताच कळेल.