चिल्का सरोवर : परिसंस्थेचे आकलन आणि नैसर्गिक अधिवासाचे संवर्धन

ओडिशाच्या किनाऱ्यावर सातपाडा गावाजवळ २३ सप्टेंबर २००० रोजी चिल्का सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधील वाळूच्या पट्ट्यातून एक नवे मुख उघडण्यात आले. सरोवराचे पाणी समुद्रापर्यंत पोहोचण्याचे अंतर त्यामुळे सुमारे १८ किलोमीटरने कमी झाले. त्यानंतरच्या दोन वर्षांत मासळीचे उत्पादन अनेक पटींनी वाढले, पाणवनस्पतींनी व्यापलेले पाणी मोकळे होऊ लागले आणि आंतरराष्ट्रीय स्तरावर संकटग्रस्त ठरवण्यात आलेले हे सरोवर त्या यादीतून बाहेर पडले. एखादी परिसंस्था कशी चालते, ती कशामुळे बिघडते आणि समजून केलेल्या उपायाने ती कितपत सावरू शकते, याचे चिल्का हे भारतातील एक ठळक उदाहरण मानले जाते. मात्र हे यश कायम टिकेल, याची हमी एका मुखाने मिळालेली नाही.

परिसंस्था म्हणजे काय?

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये ‘इकोसिस्टिम’ ही संज्ञा वापरात आणली. मराठीत त्यासाठी ‘परिसंस्था’ हा शब्द रूढ आहे. एखाद्या ठिकाणचे सजीव आणि तेथील पाणी, माती, हवा, उष्णता, क्षार यांसारखे निर्जीव घटक यांच्यात अखंड देवाणघेवाण चालू असते. या देवाणघेवाणीसह त्या सर्वांचा एकत्रित विचार करणे, हा या संज्ञेचा गाभा होय. अधिवास ही संज्ञा त्याहून मर्यादित आहे. एखाद्या जातीला अन्न, निवारा आणि प्रजननासाठी आवश्यक परिस्थिती जेथे मिळते, ते तिचे अधिवासस्थान.

या दोन संज्ञांमधील फरक संवर्धनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. एखाद्या बेटाला कुंपण घालून किंवा शिकारीवर बंदी आणून पक्ष्यांचा अधिवास राखता येईल, असे वरवर वाटते. परंतु त्या बेटाभोवतीच्या पाण्याची खोली आणि क्षारता बदलली, तर कुंपण जागेवर असूनही पक्ष्यांचे अन्न नाहीसे होते. चिल्काच्या बाबतीत नेमके हेच घडले.

गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा संगम

पुरी, खोर्धा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेले चिल्का हे आशियातील सर्वांत मोठे मचूळ पाण्याचे सरोवर समजले जाते. उन्हाळ्यात त्याचे क्षेत्र सुमारे ९०० चौरस किलोमीटर असते, तर पावसाळ्यात ते सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरपर्यंत वाढते. एवढा विस्तार असूनही ते उथळ आहे. बहुतेक ठिकाणी पाण्याची खोली दोन ते तीन मीटरपेक्षा अधिक नसते.

उत्तरेकडून महानदीच्या त्रिभुज प्रदेशातील दया, भार्गवी आणि नूना या नद्या सरोवरात गोडे पाणी आणतात. पश्चिमेकडील डोंगराळ भागातून अनेक लहान ओढे येऊन मिळतात. पूर्वेकडील मुखांतून समुद्राचे पाणी आत येते. दक्षिणेकडे पालूर कालव्याद्वारे सरोवर ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी जोडलेले आहे. पावसाळ्यात नद्यांचा पूर आला की उत्तर भागातील पाणी जवळजवळ गोडे होते. पूर ओसरल्यावर पातळी खाली येते आणि समुद्राचे पाणी पुन्हा आत सरकते. त्यामुळे एकाच सरोवरात गोडे, मचूळ आणि खारे असे तिन्ही प्रकारचे पाणी आढळते आणि त्यांच्या सीमा ऋतुमानानुसार पुढेमागे होत राहतात.

चिल्काची जैवविविधता या बदलत्या क्षारतेवर अवलंबून आहे. बोय, जिताडा, कोळंबी आणि खेकडे यांपैकी अनेक जातींच्या जीवनक्रमात समुद्र आणि सरोवर या दोहोंचा वाटा असतो. त्यांची अंडी समुद्रात किंवा मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात उबतात आणि पिल्ले वाढीसाठी सरोवराच्या शांत, अन्नसमृद्ध पाण्यात येतात. या ये-जा करण्यासाठी मुख मोकळे असणे आवश्यक असते. मुख बंद झाले, तर सरोवरात पाणी दिसत राहते, पण त्यात नवी मासळी येत नाही.

ऱ्हासाची कारणे

नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ओडिशाच्या किनाऱ्यालगत वाळूचा मोठा प्रवाह उत्तर-पूर्व दिशेने सरकतो. या वाळूमुळे चिल्काचे मुख हळूहळू अरुंद होत गेले आणि सरोवराच्या मुख्य भागापासून दूर गेले. दुसरीकडे, पाणलोट क्षेत्रातील जंगलतोड आणि जमिनीची धूप यांमुळे नद्यांबरोबर येणारा गाळ सरोवरात साचू लागला. समुद्राकडे जाणारी लांबलचक वाहिनीही गाळाने भरू लागली. भरतीचे पाणी आत येईना आणि गाळ बाहेर जाईना, अशी स्थिती निर्माण झाली.

क्षारता घटताच गोड्या पाण्यातील वनस्पतींनी शेकडो चौरस किलोमीटर पाणी व्यापले. १९८० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला आठ हजार टनांहून अधिक असलेले मासळीचे उत्पादन १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन हजार टनांच्या खाली आले. सरोवराच्या काठावरील सुमारे दीडशे गावांतील दोन लाखांच्या आसपास लोकांचा चरितार्थ मासेमारीवर चालतो. त्यांच्यासाठी ही घट म्हणजे थेट उपासमारीचे आणि स्थलांतराचे संकट होते.

याच काळात कोळंबीच्या निर्यातीला मोठा भाव मिळू लागला. बांबू आणि जाळ्यांच्या साहाय्याने सरोवराचा भाग बंदिस्त करून कोळंबीची पैदास करण्याची पद्धत वेगाने पसरली. या बंदिस्त क्षेत्रांना स्थानिक भाषेत ‘घेरी’ म्हणतात. पूर्वी कोणत्या समूहाने कोणत्या जाळ्याने, कोणत्या भागात मासेमारी करायची, याचे संकेत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. घेरींमुळे हे संकेत मोडले आणि पारंपरिक मच्छीमार व बाहेरील गुंतवणूकदार यांच्यात संघर्ष सुरू झाला. एका मोठ्या उद्योगसमूहाच्या कोळंबी प्रकल्पाविरुद्ध १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ‘चिल्का बचाओ आंदोलन’ उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेल्या निकालात चिल्का आणि पुलिकत या सरोवरांपासून एक हजार मीटरच्या आत, पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धती वगळता, कोळंबी उद्योगास मनाई केली. तरीही तणाव निवळला नाही. मे १९९९ मध्ये सोराना येथे झालेल्या पोलीस गोळीबारात मच्छीमार समाजातील चौघांचा मृत्यू झाला.

आंतरराष्ट्रीय दखल आणि उपाययोजना

पाणथळ प्रदेशांच्या रक्षणासाठी २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे आंतरराष्ट्रीय करार करण्यात आला. या कराराच्या यादीत भारतातर्फे १९८१ मध्ये चिल्का आणि राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यान या पहिल्या दोन स्थळांचा समावेश झाला. ज्या स्थळांचे नैसर्गिक स्वरूप बदलले आहे किंवा बदलण्याची शक्यता आहे, त्यांची नोंद ‘माँत्रो नोंदवही’त केली जाते. चिल्काचे नाव १९९३ मध्ये या नोंदवहीत गेले.

त्यापूर्वी, १९९१ मध्ये ओडिशा सरकारने चिल्का विकास प्राधिकरणाची स्थापना केली होती. मुख कोठे उघडावे, त्याचा पूर, क्षारता आणि गाळ यांवर काय परिणाम होईल, याचा अभ्यास पुण्यातील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्याकडून करून घेण्यात आला. या अभ्यासाच्या आधारे वाहिनीतील गाळ काढण्यात आला आणि सातपाडाजवळ नवे मुख उघडण्यात आले. त्याच बरोबर पाणलोट क्षेत्रातील गावांच्या सहभागाने वृक्षलागवड आणि मृद्‌संधारणाची कामे हाती घेण्यात आली. गाळ जेथून येतो तेथेच तो थोपवल्याशिवाय मुखाचा उपयोग अल्पकाळ टिकला असता, ही जाणीव त्यामागे होती.

परिणाम लवकर दिसून आले. २००१-०२ मध्ये मासळीचे उत्पादन अकरा हजार टनांच्या वर गेले. २००२ मध्ये चिल्काचे नाव माँत्रो नोंदवहीतून वगळण्यात आले आणि त्याच वर्षी प्राधिकरणाला रामसर पाणथळ संवर्धन पुरस्कार मिळाला. केवलादेव आणि मणिपूरमधील लोकटाक सरोवर यांची नावे मात्र या नोंदवहीत अद्याप कायम आहेत.

पक्षी, डॉल्फिन आणि मंगलाजोडी

हिवाळ्यात मध्य आशिया, मंगोलिया, सैबेरिया आणि हिमालयापलीकडील प्रदेशांतून लाखो पक्षी चिल्कात उतरतात. चक्रवाक, तलवार बदक, पट्टकादंब, रोहित आणि अनेक जातींचे चिखलपक्षी यांचा त्यात समावेश असतो. अलीकडच्या वर्षांतील हिवाळी गणनांमध्ये ही संख्या दहा लाखांहून अधिक नोंदवली गेली आहे. सरोवरातील नलबन या बेटाला १९८७ मध्ये अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. नलबन म्हणजे नळ गवताचे बन. पावसाळ्यात हे बेट पाण्याखाली जाते आणि पाणी ओसरल्यावर त्याच्या चिखलात पक्ष्यांना विपुल अन्न मिळते. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी येथील पक्षीगणना आणि पक्ष्यांना कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा मागोवा घेण्याच्या कामात सहभागी राहिली आहे.

सरोवराच्या उत्तर काठावरील मंगलाजोडी हे गाव एकेकाळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होते. २००० च्या सुमारास काही शिकाऱ्यांनीच शिकार सोडून पक्षीरक्षण समिती स्थापन केली. पक्ष्यांच्या सवयी आणि जागा त्यांना अचूक ठाऊक होत्या. हेच ज्ञान पुढे पर्यटकांना वाट दाखवण्यासाठी उपयोगी पडले आणि शिकारीऐवजी संरक्षणातून उत्पन्न मिळू लागले.

गोल डोक्याचा आणि लांब चोच नसलेला इरावदी डॉल्फिन हे चिल्काचे आणखी एक वैशिष्ट्य. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ही जात संकटग्रस्त ठरवली आहे. चिल्कात तिची संख्या सुमारे दीडशे आहे. यांत्रिक बोटींचे पंखे, जाळ्यांत अडकणे आणि पर्यटकांच्या बोटींचा पाठलाग हे तिला असलेले मुख्य धोके आहेत. ओडिशा उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर बेकायदा घेरी हटवण्याच्या मोठ्या मोहिमा राबवण्यात आल्या. त्यामुळे डॉल्फिनच्या संचाराला अधिक क्षेत्र मोकळे झाल्याचे वन अधिकाऱ्यांनी सांगितले. तथापि हटवलेल्या घेरी पुन्हा उभ्या राहण्याचे प्रकार थांबलेले नाहीत.

पुढील आव्हाने

किनाऱ्यावरील वाळूचा प्रवाह आजही चालू आहे. त्यामुळे उघडलेले मुख सरकते, अरुंद होते आणि नवी मुखेही फुटतात. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ धडकलेल्या ‘फनी’ चक्रीवादळाने वाळूच्या पट्ट्यात नवी मुखे पाडली. मुखे वाढली की लाभच होईल, असे नाही. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर आत आल्यास मचूळ आणि गोड्या पाण्यातील जातींची जागा आक्रसते.

दुसरा प्रश्न गोड्या पाण्याचा आहे. महानदीवरील हिराकुड धरण १९५७ मध्ये आणि कटकजवळील नराज बंधारा २००४ मध्ये कार्यान्वित झाला. चिल्काकडे येणारे पाणी आता बऱ्याच अंशी मानवी नियंत्रणाखाली आहे. सिंचन, उद्योग आणि शहरे यांची मागणी वाढत असताना सरोवराचा वाटा कोणी आणि कसा राखायचा, हा निर्णय सरोवराच्या काठावर होत नाही. तो वरच्या खोऱ्यात होतो.

रामसर यादीतील भारतीय स्थळांची संख्या आता नव्वदहून अधिक झाली आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर, ठाणे खाडी आणि गोव्यातील नंदा तळे यांचा त्यात समावेश आहे. या प्रत्येक स्थळाची गरज निराळी आहे. नांदूर मधमेश्वर हे गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे निर्माण झालेले पाणथळ असून तेथे गाळ आणि पाण्याची पातळी हे कळीचे मुद्दे आहेत. लोणारचे पाणी अल्कधर्मी व खारे आहे, त्यामुळे तेथे गोड्या पाण्याचा अतिरेकच घातक ठरू शकतो. ठाणे खाडीत भरतीचे पाणी, खारफुटी आणि शहरी सांडपाणी यांचा एकत्रित विचार करावा लागतो. चिल्कात जे मुख उपकारक ठरले, ते अन्यत्र जसेच्या तसे लागू करता येणार नाही. त्यापूर्वी झालेला अभ्यास मात्र सर्वत्र आवश्यक आहे.

पाणथळ प्रदेशांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुधारित नियम लागू केले आणि राज्यांवर पाणथळ प्राधिकरणे स्थापन करण्याची जबाबदारी सोपवली. सीमा निश्चित करणे हा त्यातील पहिला टप्पा आहे. पाणी कोठून येते, कोठे जाते आणि त्यावर कोणाचे जीवन अवलंबून आहे, याची नोंद ठेवणे हा त्याहून अवघड टप्पा होय. चिल्कात ही नोंद दरवर्षी करावी लागते, कारण तेथील वाळू, पूर आणि भरती प्रत्येक ऋतूत सरोवराचा नकाशा थोडा बदलत असतात.