शेरी पिंपातील सिंगल माल्ट व्हिस्की

शेरी पिंपातील सिंगल माल्ट व्हिस्की म्हणजे एकाच आसवनीत अंकुरित सातूपासून (बार्ली) तयार केलेली आणि पूर्वी शेरी या स्पॅनिश मद्याने भरलेल्या ओक लाकडाच्या पिंपात परिपक्व केलेली व्हिस्की होय. स्कॉटलंडमधील ग्लेनफार्क्लास, मॅकॅलन व ग्लेनड्रोनाक या आसवन्या या प्रकारासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. २००९ च्या नियमांनुसार स्कॉच व्हिस्की ७०० लिटरपेक्षा अधिक क्षमता नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे ठेवावी लागते. बाटलीवरील वय हे त्यातील सर्वांत कमी वयाच्या व्हिस्कीचे असते.

इतिहास

शेरी हे स्पेनमधील आंदालुसिया प्रांतातील हेरेस शहराच्या परिसरात होणारे, मद्यार्क मिसळून तीव्र केलेले द्राक्षमद्य आहे. एके काळी ते पिंपांतून ब्रिटनला जाई. रिकामी झालेली पिंपे परत पाठवणे परवडत नसल्याने ती व्हिस्की साठवण्यासाठी वापरली जात. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणे आवश्यक झाले आणि हा स्रोत आटला. तेव्हापासून व्हिस्की उत्पादकांसाठी मुद्दाम नवी पिंपे बनवून ती काही काळ, बहुधा एक ते दोन वर्षे, शेरीने मुरवली जातात. त्यामुळे आजचे ‘शेरी पिंप’ हे सहसा शेरीच्या वाहतुकीतून उरलेले नसून व्हिस्कीसाठीच घडवलेले असते.

परिपक्वन

शेरीच्या मोठ्या पिंपाची (बट) क्षमता सुमारे ५०० लिटर असते. युरोपीय ओकमध्ये टॅनिन अधिक असल्याने गडद रंग, मसाल्यांचा स्वाद व तुरटपणा येतो. अमेरिकी ओकमुळे व्हॅनिला व नारळाची आठवण करून देणारा गोडवा येतो. ओलोरोसो शेरीच्या पिंपातून अक्रोड व सुक्या मेव्याची, तर पेद्रो हिमेनेझच्या पिंपातून मनुका व काकवीसारखी चव उतरते. शेरीनंतर प्रथमच व्हिस्की भरलेल्या पिंपाचा प्रभाव सर्वाधिक असतो. पुढच्या प्रत्येक वापरात तो घटत जातो. काही व्हिस्की आधी बर्बनच्या पिंपात मुरवून अखेरचा काळच शेरी पिंपात ठेवतात. बाल्वेनी डबलवुड हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

स्कॉटलंडच्या थंड हवेत दरवर्षी सुमारे २ टक्के द्रव उडून जातो. याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. या हिशेबाने ५०० लिटरच्या पिंपात १८ वर्षांनंतर सुमारे ३५० लिटरच उरतात. जुन्या व्हिस्कीच्या चढ्या किमतीचे हे एक कारण आहे.

आस्वादन

आस्वादनासाठी तोंडाशी निमुळता होणारा ट्युलिपच्या आकाराचा पेला वापरतात. प्रथम रंग, मग गंध, त्यानंतर चव आणि शेवटी घोटानंतर रेंगाळणारा स्वाद असा क्रम असतो. नाक पेल्यात खोल घातल्यास मद्यार्काच्या झोताने घ्राणेंद्रिय बधिर होते. म्हणून पेला थोडा दूर धरून सावकाश वास घेतात. परिपक्व शेरी माल्टमध्ये खजूर, अंजीर, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग व कडू चॉकलेट यांच्या छटा जाणवतात. थोडे पाणी घातल्यास गंध खुलतो. २०१७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपाद्वारे दाखवले की, पाण्याने मद्यार्काचे प्रमाण घटल्यावर ग्वायाकॉल हा गंधरेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो.

दोष व गैरसमज

गडद रंग हा शेरी पिंपाचा पुरावा मानणे चूक आहे, कारण स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग मिसळण्यास कायद्याने मुभा आहे. अधिक वय म्हणजे अधिक गुणवत्ता, हेही सदैव खरे नसते. प्रभावी पिंपात फार काळ राहिलेली व्हिस्की कडक चहासारखी तुरट होते व धान्याची मूळ चव लाकडाखाली दबते. पिंपे निर्जंतुक ठेवण्यासाठी गंधक जाळण्याची प्रथा होती. त्याचा अंश राहिल्यास विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास येतो.

भारतातील उत्पादन

बंगळूरच्या अमृत आसवनीने २००४ मध्ये ग्लासगो येथे आपली सिंगल माल्ट सादर केली. गोव्यात पॉल जॉन ही सिंगल माल्ट तयार होते. दोन्ही उत्पादकांनी शेरी पिंपांचा वापर केलेला आहे. उष्ण हवामानामुळे येथे व्हिस्की लवकर मुरते, मात्र बाष्पीभवनही स्कॉटलंडच्या कितीतरी पट होते. त्यामुळे भारतीय व स्कॉटिश व्हिस्कींची तुलना केवळ वयाच्या आकड्यावरून करता येत नाही.