जुन्या डिझेल मॉडेलला नवा रंग कोणी दिला, आणि केव्हा?

"पीएच.डी.ला विषय काय घेतलास?" असं कोणी विचारलं की मी आधी "प्लास्टिक आणि रंगांचा इतिहास" एवढंच सांगते. पुढचं वाक्य बोलायला जरा धीर लागतो. ते असं: ब्रिटनमधल्या हौशी लोकांनी १९८० च्या दशकात आपली जुनी डिझेल इंजिनांची मॉडेलं घरी बसून का सुधारली आणि पुन्हा का रंगवली, ते मी शोधतेय. एम.एस्सी. केमिस्ट्री करून हे? हो, हेच.

खूळ जुनं आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे ना, तिथे शाळेत असताना गेले होते. सगळी मुलं गाड्या बघत होती आणि मला प्रश्न पडला होता की एवढ्याशा इंजिनावर एवढी सरळ रेघ मारली कोणी. तुमच्यापैकी जे विषयाच्या शोधात आहेत त्यांना एवढंच सांगेन की असा लहानपणी पडलेला प्रश्न लगेच टाकून देऊ नका.

आज सांगायचंय ते मात्र माझ्या एका चुकीबद्दल. ती समजायला थोडा इतिहास लागेल, तो आधी घेऊ.

मॉडेल रेल्वेत ब्रिटनचं सगळं जगापेक्षा वेगळं. बाकी बहुतेक ठिकाणी 'एचओ' चालतं, म्हणजे एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. ब्रिटनमधली खरी इंजिनंच अंगाने बारीक, कारण तिथले पूल आणि बोगदे अरुंद. त्या काळच्या मोटरी साडेतीन मिलिमीटरच्या हिशोबात मावेनात. मग इंजिन मोठं केलं, फुटाला चार मिलिमीटर, आणि रूळ मात्र होते तेच ठेवले, १६.५ मिलिमीटर. हेच 'डबल ओ'. खऱ्या प्रमाणात हे रूळ १८.८३ मिलिमीटर हवे होते. म्हणजे डबल ओ मधलं प्रत्येक इंजिन जन्मतःच अरुंद पायांवर उभं आहे. मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूची छोटी प्रत, असं आपण सहज म्हणतो. पण ती कोणत्या अडचणीतून कशी वाट काढली याचीही नोंद असते. अमेरिकेत अ‍ॅथर्न कंपनीच्या काही जुन्या डिझेल मॉडेलांची हूड खऱ्यापेक्षा रुंद आहे, कारण तेच, आत मोटर बसवायची होती.

आता रंगाकडे येऊ. ब्रिटिश रेल्वेने १९६५ पासून इंजिनांना एकच निळा रंग द्यायला घेतला, तोंडाला पिवळा. १९८० च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ सगळं तसंच निळं. मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांना हे सोयीचं होतं: एक साचा, एक रंग. १९८२ मध्ये रेल्वेची कामाप्रमाणे विभागणी झाली आणि प्रत्येक विभागाला आपली ओळख हवीशी वाटू लागली. १९८६ च्या जूनमध्ये 'नेटवर्क साउथईस्ट' लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांत अवतरलं. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये मालवाहतुकीने राखाडीच्या तीन छटा आणल्या, वर प्रत्येक मालाचं वेगळं चिन्ह. कोळशाला काळे हिरे, पेट्रोलियमला लाटा, धातूंना बाणाच्या टोकांसारखे पट्टे. शिवाय प्रत्येक डेपोला धातूची एक छोटी पाटी मिळाली, ती ड्रायव्हरच्या केबिनच्या खाली लावत. टिन्सलीला गुलाब, कार्डिफ कॅंटनला बोकड, थॉर्नबीला खंड्या पक्षी. मला ही कल्पना फार आवडते. आपल्याकडे कल्याण-पुण्याच्या शेडचं नाव इंजिनावर नुसतं अक्षरांत असतं, त्यांनी पक्षी-प्राणी लावले!

रंगाबरोबर खरी इंजिनंही बदलत होती. क्लास ३७ ही डिझेल इंजिनं १९६० ते १९६५ मध्ये बनली, एकूण ३०९. वीस वर्षांनी त्यातल्या बऱ्याच इंजिनांना क्रूच्या कारखान्यात नेऊन आतून नवं केलं आणि नवे नंबर दिले. ३१ इंजिनांना गाडीचे डबे गरम करण्यासाठी विजेची सोय केली, ती ३७/४, हे १९८५-८६ मध्ये. मग ३७/५ आणि पुढची. (आपल्या डब्ल्यूडीएम-२ ची अशीच गोष्ट आहे. २६०० अश्वशक्तीची इंजिनं पटियालाला जाऊन ३१०० ची होऊन डब्ल्यूडीएम-३ए म्हणून परत येत. तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

आता त्या काळातल्या एखाद्या हौशी माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. स्टेशनवर उभे आहात. ओळखीचं निळं इंजिन राखाडी होऊन, नवा नंबर घेऊन समोरून गेलं. घरी तुमच्याकडे आहे इटलीतल्या लिमा कंपनीचं निळं क्लास ३७. कंपनी हा रंग कधीतरी काढेल, पण तोच नंबर, तोच डेपो काढेल याची खात्री नाही. तुमच्याकडे मात्र ब्रश आहे, शनिवार-रविवार आहे.

लिमाचीच मॉडेलं का? कारण ती स्वस्त होती आणि बॉडीचा घाट बराच बरोबर होता. बाकी सगळ्याची बोंब होती. मोटर चपटी, गोल, 'पॅनकेक' म्हणतात तिला, ती एकाच बोगीत बसवलेली आणि आवाज दळण दळल्यासारखा. चाकांच्या कडा इतक्या खोल की हौशी लोक त्यांना 'पिझ्झा कटर' म्हणत. खिडकीच्या काचा जाड भिंतीच्या आत खोल बसलेल्या. म्हणून सुधारणेचा एक ठरलेला क्रमच पडला: काचा काढून पातळ पारदर्शक तुकडे कडेच्या पातळीत बसवायचे, बफरखाली तारेचे ब्रेक पाइप लावायचे, साच्यात ओतलेली जाळी कापून तिथे कोरलेल्या पितळेची जाळी लावायची. ही पितळी जाळी म्हणजे माझा जिव्हाळ्याचा विषय. पातळ पत्र्यावर फोटोने नक्षी उतरवायची आणि उघडं राहिलेलं पितळ रसायनात विरघळवायचं, सर्किट बोर्ड बनवतात तीच रीत. छोटे छोटे व्यावसायिक ही कामं करून देत. पुढे काहींनी टाकून दिलेल्या सीडी ड्राइव्हमधली मोटर काढून लिमाच्या बोगीत बसवली, आणि म्हणे इंजिन मांजरासारखं चालायला लागलं.

मग रंग. इथे केमिस्ट्रीवाल्यांनी कान टवकारा. मॉडेलची बॉडी पॉलिस्टायरीनची. तिच्यावर अ‍ॅसिटोन किंवा सेल्युलोज थिनर लावलं तर रंगाबरोबर इंजिनही वितळेल. म्हणून जुना रंग काढायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल, पूर्वी गाडीचं ब्रेक ऑइलसुद्धा वापरत. आणि पिवळा! पिवळ्याची झाकण्याची ताकद कमी. निळ्यावर थेट पिवळा दिला की तो हिरवट, मळका दिसतो. जाणता माणूस आधी पांढऱ्याचा हात देतो, मग पिवळा. म्हणजे पिवळ्याखाली पांढरं सापडलं तर रंगवणारा सरावलेला होता असं म्हणायला एक धागा मिळतो. एखाद्या कोपऱ्यातून रंगाचा कणभर तुकडा घेऊन रेझिनमध्ये बसवायचा, घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. थर मोजता येतात. दोन थरांमध्ये धुळीची रेघ दिसली तर मधल्या काळात इंजिन वापरात होतं.

आता चूक. पहिल्या वर्षी मी सेकंडहँड क्लास ३७ मागवलं. लिमाचं, घरी राखाडी रंगवलेलं, नंबर ३७ ५ ने सुरू होणारा. माझ्या डोक्यात एकच होतं: खालचा 'मूळ' रंग बघायचा. मी ते सरळ अल्कोहोलमध्ये बुडवलं. दुसऱ्या दिवशी खालचा निळा छान दिसायला लागला आणि मी खूश होऊन गाईडला फोटो पाठवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, पूर्ण नंबर काय होता?

मी तो लिहून ठेवलाच नव्हता. वरच्या थराचा एकही फोटो नाही.

काय गेलं ते नीट बघा. निळा थर कारखान्यातला होता, तसे हजारो मिळतील. राखाडी थर एका माणसाने एकदाच दिलेला. त्या नंबरावरून खरं इंजिन कोणतं ते कळलं असतं, ते क्रूहून कधी बाहेर पडलं, कोणत्या गाड्या ओढत होतं, हे रेल्वेच्या नोंदींत सापडलं असतं. रंगवणारा कुठे राहत असेल याचा अंदाज त्यातूनच येणार होता. मी ज्याला नंतरची भेसळ समजले तेच माझं प्राथमिक साधन होतं. 'मूळ' हा शब्द सिनॉप्सिसमध्ये वापरणार असाल तर आधी ठरवा, कोणाच्या दृष्टीने मूळ?

कालगणनेची एक सोपी युक्ती यातूनच शिकले. वस्तूवरची सगळ्यात नंतरची गोष्ट शोधा, वस्तू आजच्या रूपात त्याआधी असू शकत नाही. तीन छटांचा राखाडी आहे? मग रंग १९८७ च्या ऑक्टोबरआधीचा नाही. नंबर ३७/४ चा आहे? १९८५ च्या आधी नाही. पण उलट दिशेने ही युक्ती चालत नाही, इथे बरेच जण फसतात. हिरवा रंग दिसला म्हणून मॉडेल १९६० च्या दशकातल्या इंजिनाचं, असं म्हणू नका. काही ३७/४ इंजिनांना खूप उशिरा, हौसेने, जुना हिरवा रंग पुन्हा दिला गेला होता. हिरव्या ३७/४ ला 'चूक' म्हणून शेरा मारणारा परीक्षक स्वतःच चुकेल.

आणखी एक शब्द जपून वापरायचा, 'सुधारणा'. १९८८ मध्ये मासिकात कोणी लिहिलं की लिमाचं इंजिन असं सुधारा, तर त्याचा अर्थ हवं ते मिळवण्याचा तोच एक मार्ग होता. २००० नंतर हेल्यान आणि बाखमान यांची चीनमध्ये बनलेली नवी मॉडेलं आली. सगळी चाकं चालणारी, पातळ काचा, ब्रेक पाइप कारखान्यातूनच लावलेले. २००४ मध्ये लिमा बंद पडली, साचे हॉर्नबीकडे गेले आणि लिमाची क्लास ३७ ची बॉडी हॉर्नबीच्या स्वस्त मालिकेत पुन्हा दिसायला लागली. त्यानंतर कोणी जुनं लिमा घेऊन बसतो तो बचत म्हणून, आठवण म्हणून, किंवा नुसतं हाताला काम हवं म्हणून. कृती तीच, ब्रश तोच, कारण वेगळं. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात मी या दोन्ही पिढ्या एकाच प्रकरणात कोंबल्या होत्या, आणि ते प्रकरण अर्थातच परत आलं.

त्या बुडवलेल्या इंजिनाचं पुढे काय? अल्कोहोल ओतून देताना डब्याच्या तळाशी काहीतरी चमकलं. नखाच्या टोकापेक्षा लहान, कोरलेल्या धातूची पाटी. भिंगाखाली धरली तर त्यावर खंड्या. थॉर्नबी. इंग्लंडच्या ईशान्येला, टीस नदीकाठच्या पोलाद कारखान्यांजवळचा डेपो, आणि ३७/५ मधली अनेक इंजिनं पोलादाच्या गाड्यांसाठी तिथेच होती. रंगवणाऱ्याने ही पाटी वेगळी विकत आणून चिकटवली होती.

ती आता एका छोट्या पिशवीत आहे. पिशवीवरच्या चिठ्ठीत मी लिहिलंय: लिमा, क्लास ३७/५, घरगुती रंग, १९८७ च्या ऑक्टोबरनंतर, थॉर्नबी. नंबर: नोंद केली नाही.