चव गोड, शेत चोपण : सिंचनाच्या पाण्याची परीक्षा कशी घडत गेली

पाणी जिभेला गोड लागले म्हणजे ते पिकालाही मानवेल, असा समज सर्वत्र आढळतो. हरियाणा, पंजाब आणि राजस्थानच्या निमशुष्क पट्ट्यातील भूजलाने तो खोटा ठरवला आहे. येथे काही गावांत मचूळ पाण्यावर गहू पिकत आला, तर काही गावांत विशेष खारट न लागणाऱ्या पाण्याने चांगली जमीन कठीण व निचराहीन झाली. या कोड्याचा उलगडा होण्यास सुमारे एक शतक लागले.

त्याची सुरुवात कालव्याकाठी झाली. ब्रिटिश अमदानीत पश्चिम यमुना कालवा पुन्हा वाहता झाला आणि काही दशकांतच त्याच्या लाभक्षेत्रातील भूजल वर येऊ लागले. १८५५ च्या सुमारास कर्नाल परिसरातील मुनक गावच्या शेतकऱ्यांनी शेतात पांढरे क्षार फुटत असल्याची तक्रार केली. उत्तर भारतात या क्षारांना ‘रेह’ आणि त्यांनी नापीक झालेल्या भूमीला ‘ऊसर’ म्हणतात. भूगर्भशास्त्रज्ञ एच. बी. मेडलिकॉट यांनी १८६३ मध्ये रेहविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केवळ माती नव्हे, तर नद्यांचे व कालव्यांचे पाणीही तपासलेले होते. त्यामागील तर्क सरळ होता : पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात, निचरा नसेल तर ते वर्षानुवर्षे साचत जातात.

परंतु एकूण क्षार मोजून सर्व प्रश्न सुटत नव्हते. क्षार किती, याइतकेच ते कोणते, हेही महत्त्वाचे होते. या दृष्टीला निश्चित रूप मिळाले ते अमेरिकेत. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये एल. ए. रिचर्ड्स यांच्या संपादनाखाली एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात पाण्याची दोन मापे एकाच आलेखावर मांडली होती. पहिले माप विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा निर्देशक. दुसरे सोडियम अधिशोषण गुणोत्तर. यात सोडियमच्या प्रमाणाला कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या सरासरीच्या वर्गमुळाने भागतात. चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियम असले की ते कण एकत्र राहतात आणि माती भुसभुशीत होते. त्याची जागा सोडियमने घेतली की कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही. मराठी शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो.

तरीही एक चोरवाट उरली होती. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल, तर जमिनीत कॅल्शियम चुन्याच्या रूपाने खाली बसते आणि मैदान सोडियमला मोकळे मिळते. फ्रँक ईटन यांनी १९५० मध्ये यासाठी एक सोपी वजाबाकी सुचवली : कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा करायची. जे उरते ते ‘रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट’. पुढे हा आकडा लिटरमागे १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा कमी असल्यास पाणी सुरक्षित आणि २.५ पेक्षा अधिक असल्यास अयोग्य, अशी मर्यादा रूढ झाली.

या वजाबाकीचे मोल एका काल्पनिक नमुन्यावरून समजेल. समजा, कूपनलिकेच्या पाण्यात लिटरमागे सोडियम १२, कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून ४ आणि बायकार्बोनेट ९ मिलिइक्विव्हॅलंट आहे. अशा पाण्याची विद्युत वाहकता मीटरमागे साधारण १.६ डेसिसायमन भरेल. म्हणजे फार खारट नाही. सोडियम गुणोत्तर सुमारे ८.५, म्हणजे दहाच्या आतच. मात्र नवातून चार वजा केले की उरतात पाच, आणि हे पाणी मर्यादेच्या दुप्पट ठरते. केवळ वाहकता मोजणारा अहवाल या शेतकऱ्याला निर्धास्त करील. त्याची जमीन मात्र हळूहळू मिटत जाईल.

हरितक्रांतीच्या काळात वायव्य भारतात कूपनलिका झपाट्याने वाढल्या आणि हा धोका प्रत्यक्ष शेतात उतरला. १९६९ मध्ये केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली व कर्नाल येथे स्थिरावली. १९७२ पासून खाऱ्या पाण्याच्या वापरावरील अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. परदेशी मर्यादा येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हे या कामातून स्पष्ट झाले. भारतात पाऊस थोड्या महिन्यांत एकवटतो आणि हिवाळी पिकाने साचवलेले क्षार पुष्कळदा धुऊन नेतो. म्हणून मातीचा पोत, पाऊस व पीक हेही निकषांत आले. कर्नालच्या वर्गवारीत वाहकता २ पेक्षा कमी, सोडियम गुणोत्तर १० पेक्षा कमी आणि रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट २.५ पेक्षा कमी असलेले पाणी चांगले मानतात. शेवटचा आकडा ४ च्या वर गेला की ते विम्ल ठरते.

शेतकऱ्यांचे ज्ञानही या इतिहासाचा भाग आहे. राजस्थानच्या पाली भागात खारे पाणी सोसणारा ‘खारचिया’ गहू पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. तेथील काही शेतकरी पावसाळ्यात रान पड ठेवून क्षार धुऊ देत आणि रब्बीत खाऱ्या पाण्यावर गहू घेत. याच खारचियापासून कर्नालच्या संशोधकांनी ‘के.आर.एल. १-४’ हे सुधारित वाण तयार केले.

विम्ल पाण्यावर उपाय जिप्समचा. एका हेक्टरला १० सेंटिमीटर पाणी देताना रेसिड्युअल सोडियम कार्बोनेटचा एक मिलिइक्विव्हॅलंट कमी करण्यास ८६ किलो शुद्ध जिप्सम लागते. वरील नमुना पाचावरून अडीचवर आणायचा तर प्रत्येक पाळीला २१५ किलो. हा खर्च पेलण्यासारखा आहे की नाही, याचे उत्तर परीक्षणाशिवाय मिळत नाही. विदर्भाच्या पूर्णा खोऱ्यासारख्या भारी काळ्या जमिनीत तर निचराच मंद असल्याने, राजस्थानच्या वाळूत निभावणारे पाणीही घातक ठरू शकते.

म्हणूनच जाणकार एकाच अहवालावर विसंबत नाहीत. पंप काही वेळ चालवून स्वच्छ बाटलीत नमुना घेणे, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर असे दोनदा परीक्षण करणे, सोबत त्याच शेताची माती तपासणे, आणि अहवालात वाहकतेबरोबर बायकार्बोनेटचा आकडा आहे ना हे पाहणे, एवढी शिस्त या शतकभराच्या अभ्यासाने घालून दिली आहे.